सिपना, सागवान अन् कैची : आपल्या डोक्यावरच्या छपराचा इतिहास

पोस्ट मोठी आहे. ज्यांना घर बांधायचं आहे, ज्यांच्या घरी जुनं घर पाडायची बोलणी सुरू आहेत, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

शेतात लाकडी फार्महाऊस, चिखलदऱ्याकडे लाकडी कॉटेज, अमरावती-अकोल्यात बंगल्यावर लाकडी माडी, अशी हौस सध्या वाढली आहे. मोबाईलवर फोटो पाहून लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, लाकडाचं घर नेमकं कोणाकडून घ्यावं? दुसरा, आत उभं राहिलं की थेट आढ्यापर्यंत मोकळं दिसलं पाहिजे, मधात आडवी तुळई नको, असं छप्पर करता येते का?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं आपल्याच वऱ्हाडाच्या इतिहासात आहेत. फोटोतलं घर परदेशातलं असेल, पण लाकडाच्या सांगाड्याचं घर आपल्याला नवं नाही. आपले आजे-पणजे त्यातच राहिले.

आधी खांब, मग भिंत

अचलपूरच्या जुन्या पेठेत, अमरावतीच्या परकोटाच्या आत बुधवाऱ्यात, अकोल्याच्या जुन्या शहरात किंवा बाळापुरात एखादं जुनं घर पाडताना पहा. माती-विटांच्या भिंती जातात, पण सागवानी खांब अन् त्यावरच्या तुळया बराच वेळ तशाच उभ्या असतात. कारण घराचं वजन भिंतीवर नव्हतंच. खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. घर किती मोठं, हे आपल्याकडं खणांवर सांगत. 'पाच खणांचं घर' म्हटलं की ऐकणाऱ्याला अंदाज यायचा.

असं का, याचं कारण आपल्या पायाखाली आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. तिच्यावरची ताठ भिंत तडकते. लाकडाचा सांगाडा मात्र थोडा इकडं-तिकडं झाला तरी सांध्यात निभावून नेतो. एखाद्या झडीत मातीची भिंत बसली तर ती पुन्हा उचलायची, छप्पर खाली येत नव्हतं. ज्या काळात सिमेंट नव्हतं, त्या काळात काळ्या मातीला दिलेलं हे आपल्या वाढयांचं उत्तर होतं.

छपराचे प्रकार दोन. पाऊस कमी त्या सपाट पट्ट्यात धाब्याची घरं, म्हणजे कड्या-पाटावर पांढऱ्या मातीचा थर. अन् सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथं पाऊस जास्त तिथं दोन पाखांचं उतरतं कवेलूचं छप्पर. मेळघाटातल्या कोरकू गावात आजही मधात लांब सरळ रस्ता अन् दोन्हीकडं समोरासमोर घरांच्या रांगा दिसतात. सागाचे खांब, बांबूच्या तट्ट्यांची भिंत, तिच्यावर शेणामातीचा लेप. भिंत निव्वळ पडद्यासारखी, भार सगळा खांबावर.

मयाल अन् कैची

आता उंच मोकळ्या छपराचा प्रश्न. यात थोडं शास्त्र आहे, पण सोपं आहे.

पेंटरची दोन पायांची शिडी पहा, जिला घोडा म्हणतात. तिच्या पायांमध्ये दोरी किंवा साखळी असते. ती काढली अन् माणूस वर चढला तर पाय फाकतात. दोन पाखांच्या छपराचंही तसंच आहे. वरून कवेलूचं वजन आलं की तिरपे फाटे खालच्या टोकाला बाहेर ढकलतात. ही ढकल अडवली नाही तर भिंती हळूहळू बाहेर कलतात.

ती अडवायचे मार्ग दोन. आपला जुना मार्ग मयालीचा. घराच्या मधोमध उंच खांब, त्यावर आढ्याची जाड तुळई म्हणजे मयाल. फाट्यांचं वरचं टोक मयालीवर टेकलेलं, खालचं भिंतीवरच्या तुळईवर. मयाल हलली नाही तर फाटे फाकतच नाहीत. छप्पर आतून आढ्यापर्यंत मोकळं. किंमत एवढीच की घराच्या मधात खांब येतो. आपल्याकडं त्या खांबाची कोणाला अडचण वाटत नव्हती.

दुसरा मार्ग कैचीचा. दोन तिरपी लाकडं, खाली दोन्ही टोकांना बांधणारी आडवी तुळई, मधात उभा दांडा. हाच तो इंग्रजांचा 'किंग पोस्ट'. खालची तुळई म्हणजे शिडीची दोरी. ती दोन्ही पायांना ओढून धरते, म्हणून मधात खांब लागत नाही. मधल्या एका दांड्याची कैची साधारण 5 ते 8 मीटर रुंदीला चालते. त्याहून मोठ्या, 8 ते 12 मीटरच्या खोलीला दोन दांड्यांची कैची करतात.

इंग्रजांच्या काळात कचेऱ्या, डाकबंगले, रेल्वेची गोदामं, पुढं जिनिंग-प्रेसिंग यांना खांबाविना मोकळी जागा हवी होती. कापसाच्या गंजीत खांब अडतो. म्हणून कैची वऱ्हाडात घट्ट रुजली. जोडीला मंगलोरी कवेलू आले. बासेल मिशननं 1865 मध्ये मंगळुरात कारखाना काढला अन् एकमेकांत अडकणारे ते सपाट लाल कवेलू पुढं देशभर गेले. जुन्या जिनिंगमध्ये किंवा विश्रामगृहात गेलात तर मान वर करून पहा. आपल्याच वाढयांनी घडवलेल्या कैच्या दिसतील.

आता फोटोतल्या छपराकडं येऊ. त्यात खालची आडवी तुळई नसते, म्हणूनच ते मोकळं दिसते. पण तुळई काढली म्हणजे ढकल संपली असं होत नाही. मग तीन पर्याय उरतात. एक, मयाल जाड ठेवायची अन् तिला दोन्ही टोकांना भक्कम खांब किंवा भिंत द्यायची. दोन, आडव्या लाकडाऐवजी लोखंडी सळईचा ताण द्यायचा. तीन, खालची लाकडं तिरपी नेऊन मधात एकमेकांना छेदायची. ही तर नावाप्रमाणं खरीखुरी कैची. तिच्यात आतली उंची मिळते, पण सांध्यांवर जोर फार येतो, म्हणून हिशोब काटेकोर लागतो. लाकडी बांधकामाच्या हिशोबासाठी आयएस 883 हे भारतीय मानक आहे. तुमचा ठेकेदार 'काही होत नाही भाऊ, खिळे मारून देतो' म्हणत असेल, तर तिथंच थांबा.

उंच छप्पर ही निव्वळ हौसही नाही. पारा 45 च्या वर जाणाऱ्या अकोला-अमरावतीत गरम हवा वर चढायला अन् आढ्याजवळून बाहेर पडायला जागा असली तर खाली माणूस तग धरतो. जुन्या बंगल्यांचे बांधणारे हे जाणून होते.

लाकूड कोणाचं?

इथून गोष्ट छपरावरून सरकारवर जाते.

अमरावतीत 'सिपना' म्हटलं की पोरं कॉलेज समजतात. सिपना ही मेळघाटातली नदी. अन् कोरकू भाषेत सिपना म्हणजे सागवान. ज्या नदीचं नावच साग आहे, त्या जंगलातून आपली घरं आली.

1853 च्या करारानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. त्यानंतर रेल्वे आली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत 1867 मध्ये नागपूरला पोहोचला. तेव्हा रुळांखाली लाकडी स्लीपर लागत, मैलाला 1,760 ते 2,000. देशभर जंगलांची अशी तोड सुरू झाली की सरकारच घाबरलं. 1864 मध्ये वनखातं उभं राहिलं, डीट्रिश ब्रँडिस हा जर्मन माणूस त्याचा पहिला मुख्य अधिकारी झाला. 1865 चा वनकायदा आला. अन् 1866 मध्ये मेळघाटातला भाग राखीव झाला. म्हणजे नागपूरची गाडी सुरू व्हायच्या आधीच आपल्या जंगलाला कुंपण पडलं होतं, कागदावरचं का होईना.

त्याआधी गावकऱ्याला घरासाठी फाटा-खांब हवा असेल तर तो बैलगाडी घेऊन जंगलात जायचा. त्यानंतर लाकडाला मालक आला, मोजमाप आलं, हातोड्याचा शिक्का आला, परवाना आला. जंगलात राहणारा कोरकू आपल्याच सिपनाजवळ परका झाला. खात्याला तोडीसाठी मजूर हवे होते, म्हणून वनग्रामं वसवली गेली. ज्याच्या हातानं साग पडला, त्याला स्वतःच्या घरासाठी सागाचा खांब घ्यायला परवानगी मागावी लागली. इतिहासाची पुस्तकं वाड्याच्या मालकाचं नाव सांगतात, हा माणूस त्यांत नसतो.

परतवाडा म्हणजे लाकूड, ही ओळख याच काळातली. इंग्रजांची छावणी, शेजारी अचलपूरची जुनी पेठ, डोक्यावर मेळघाट. डोंगरातून उतरलेलं लाकूड इथल्या डेपोत यायचं, थप्प्या लागायच्या, लिलाव व्हायचा. 1913 मध्ये मूर्तिजापूरहून अचलपूरला छोटी रेल्वे आली, आपली शकुंतला, अन् या गावाचा धागा मोठ्या लाईनला जोडला गेला. आजही वऱ्हाडात पोरीच्या लग्नात कपाट-पलंग द्यायचा असो की दरवाजा करायचा असो, 'परतवाड्याहून आणू' असंच म्हणतात.

बाहेरच्या जगातही तेव्हा साग म्हणजे राजकारण होतं. 1863 मध्ये मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ब्रह्मदेशातून साग आणत होती. पैसे भरले त्यापेक्षा जास्त ओंडके नेले, असा ठपका ठेवून तिथल्या दरबारानं कंपनीला मोठा दंड केला. इंग्रजांना निमित्तच मिळालं. 1885 मध्ये युद्ध झालं, मंडाले पडलं, अन् थिबा राजाला रत्नागिरीला आणून ठेवलं. तो 1916 मध्ये तिथंच वारला. त्याचा राजवाडा आजही उभा आहे. सागाच्या हिशोबावरून एका राजाचं राज्य गेलं, हे लक्षात ठेवा. लाकूडवाल्याचा हिशोब तेव्हापासूनच भानगडीचा आहे.

कुऱ्हाड थांबली, बाजार बदलला

1974 मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. 12 डिसेंबर 1996 ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. मंजूर कार्य आयोजनेशिवाय जंगलात तोड नाही, विनापरवाना आरागिरण्या बंद. जंगलासाठी हे गरजेचं होतं, यात वाद नाही. पण त्याची किंमत कोणी किती दिली हेही पाहिलं पाहिजे. मेळघाटातली काही गावं अकोट-तेल्हारा भागात खाली आणून वसवली गेली. सागाच्या सावलीतले लोक सिमेंटच्या खोल्यांत आले.

इकडं घर बांधणाऱ्याचा बाजारही बदलला. आता 'सागवान' या एका नावाखाली तीन-चार माल विकले जातात. वनखात्याच्या डेपोतला देशी साग. शेतकऱ्यानं धुऱ्यावर लावलेला कोवळा साग. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचा, गुजरातच्या बंदरावरून येणारा साग. ब्रह्मदेशानं 1 एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, तरी 'बर्मा टीक' हे नाव दुकानात जिवंतच आहे. अन् तयार लाकडी कॉटेज म्हणून जे येते, ते बरेचदा साग नसून परदेशी पाइन असते. प्रक्रिया केलेलं पाइन वाईट नाही, पण सागाच्या भावात का घ्यायचं?

चौथा माल सगळ्यात चांगला अन् तो आपल्याच घरात आहे. जुन्या वाड्यातला साग. ओंडका तयार व्हायलाच साठ-ऐंशी वर्षं लागलेली, वर शंभर वर्षं घरात वाळलेला. तो आता ना वाकतो, ना फाटतो.

सरकारी कागदावर आपलं घर 'कच्चं'

आता मुद्द्याची गोष्ट. 2011 च्या सामाजिक-आर्थिक जात सर्वेक्षणात छपराचे प्रकार दिले होते. यंत्रावर केलेले कवेलू असतील तर छप्पर पक्कं. हातानं केलेले कवेलू असतील तर कच्चं. म्हणजे आपल्या कुंभारानं घडवलेल्या देशी कवेलूखाली शंभर वर्षांचा सागवानी सांगाडा असला तरी कागदावर ते कच्चं घर. अन् टिनाचं तापणारं छप्पर पक्क्या यादीत.

घरकुलाचा आधार या यादीवर ठरला. मैदानी भागात 1 लाख 20 हजार रुपये अन् किमान 25 चौरस मीटरचं घर. गरिबाला घरकुल मिळालंच पाहिजे, त्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. गळक्या छपराखाली झडीचे चार दिवस काढणाऱ्याला इतिहास सांगणं सोपं असते. पण गावोगावी काय होते ते पहा. जुनं घर पाडायचं, हप्ता पुरत नाही म्हणून जुनं लाकूड विकायचं. घेणारा बाहेरचा व्यापारी. तो खांब मोजत नाही, ढीग पाहून ठोक भाव सांगतो. तेच लाकूड पॉलिश होऊन मोठ्या शहरातल्या हॉटेलात 'अँटिक' म्हणून लागते. 2023 मध्ये बल्लारपूरच्या डेपोतून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान निघालं तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानानं फोटो टाकले. अन् आपल्या गल्लीतला साग आपण भंगाराच्या हिशोबानं देतो.

लाकडाबरोबर हातही चालले. कैची घडवणारे वाढई आता म्हातारे झाले. त्यांची पोरं प्लायवूड अन् मॉड्यूलर किचनमध्ये गेली. पोटाचा प्रश्न आहे, त्यांचं चूक नाही.

मग कोणाकडून घ्यावं?

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. नाव मी कोणाचंच सांगणार नाही. काय विचारायचं ते सांगतो.

1. कागद. लाकडासोबत वाहतूक पास, ज्याला सगळे टीपी म्हणतात, तो अन् बिल पाहिजेच. शेतातला साग असेल तर 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली आधी परवानगी. जुन्या घराचं लाकूड असेल तरी कोणतं घर, कोणी विकलं, याचा लेखी कागद घ्या अन् हलवण्याआधी वनकार्यालयात विचारा. 'कागदाशिवाय स्वस्त पडते' म्हणणाऱ्याचं लाकूड पकडलं गेलं तर दारात गाडी तुमच्या उभी राहते.

2. मोजमाप. गोल लाकूड घेराच्या चौथ्या हिश्श्यावर मोजतात. 4 फूट घेर, 10 फूट लांबी, तर घेराचा चौथा हिस्सा 1 फूट, म्हणजे 10 घनफूट. प्रत्यक्षात त्यात 12.7 घनफूट लाकूड असते, पण चिरताना बरंचसं जाते. म्हणून भाव गोल लाकडाचा की चिरलेल्या मालाचा, हे आधी ठरवा. अर्धी भांडणं इथंच होतात.

3. गाभा. सागाची उधईला दाद न देण्याची कीर्ती फक्त आतल्या गडद गाभ्याची आहे. बाहेरच्या फिक्या लाकडाला उधई आनंदानं लागते. कोवळ्या सागात फिकं लाकूडच जास्त. कैचीसाठी, खांबासाठी गाभाच मागा.

4. वाळवण. ओलं लाकूड घरात लागल्यावर आकसते, सांधे ढिले होतात. किती महिने वाळवलं ते विचारा, अन् ओलाव्याचं मीटर लावून दाखवायला सांगा.

5. नकाशा. कैचीचं चित्र, लाकडांची मापं, सांध्यातले बोल्ट, सगळं कागदावर, इंजिनिअरच्या सहीसह. फोटो दाखवून घर विकणारा अन् नकाशा देणारा, यात फरक करा.

6. वजन अन् वारा. मंगलोरी कवेलू पट्ट्यांसकट चौरस मीटरला सुमारे 65 किलो भरतात. हजार चौरस फुटांच्या छपरावर हे 6 टन होतात. त्याच जागी टिन टाकलं तर अर्ध्या टनाच्या आसपास. म्हणून कवेलू काढून टिन टाकणाऱ्यांनो, सावध राहा. जुनं छप्पर स्वतःच्या वजनानं जागेवर होतं. टिनाला वैशाखातला वादळी वारा वर उचलतो. दरवर्षी उडालेल्या टिनांच्या बातम्या आम्हीच देतो. टिन टाकायचं तर कैची भिंतीतल्या खांबाला लोखंडी पट्टीनं बांधलीच पाहिजे.

साग परवडत नसेल तर बांबूकडं पहा. धारणी तालुक्यातल्या लवादा इथलं संपूर्ण बांबू केंद्र 1990 च्या दशकापासून हे काम करत आहे. 2017 च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेरच्या बांबूला वनकायद्यात झाड मानत नाहीत, त्यामुळं परवान्याची कटकटही कमी झाली.

लोकप्रतिनिधींना अन् प्रशासनाला

मागण्या तीनच, अन् तिन्ही कमी खर्चाच्या.

घरकुलात जुनं सागवान वापरू द्या, अन् ते कसं वापरायचं याचा एक साधा नमुना-नकाशा पंचायत समितीत लावा. स्थानिक साहित्याच्या घरांचे नमुने केंद्रानंच 'पहल' नावाच्या संकलनात छापले आहेत, ते कपाटातून बाहेर काढा.

घरकुल योजनेत गवंड्यांना प्रशिक्षण मिळते. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत सुतार तर यादीत पहिला आहे. त्या प्रशिक्षणात आपल्या जिल्ह्यांत कैचीचं काम शिकवा. शिकवणारे म्हातारे वाढई आहेत तोवर शिकवा.

अन् अचलपूर, अमरावती, अकोला, बाळापूर इथं जुनं घर पाडायची परवानगी देताना नगरपालिका-महापालिकेनं चार फोटो अन् लाकडाची मापं नोंदवून ठेवावीत. मालकाला पाडू द्या, घर त्याचं आहे. पण आपल्या गावात काय होतं, याची वही तरी असू द्या. त्या वहीमुळं मालकाला आपल्याकडं किती घनफूट साग आहे हे कळेल, अन् व्यापाऱ्याला ढीग पाहून भाव सांगता येणार नाही.

ज्यांच्या घरी अजून मयाल किंवा कैची शाबूत आहे, त्यांनी फोटो खाली टाका. गाव अन् अंदाजे वर्ष लिहा. अन् विकायच्या आधी एकदा टेप लावून मोजा.